पुरावा नाही म्हणजे दावा खोटाच का? पाणाड्याच्या नारळावर तपासून बघा

बोअर मारायची वेळ आली की तळहातावर नारळ घेऊन पाणाडी (जमिनीतलं पाणी कुठे आहे ते सांगणारा) हजर, आणि कोणी शंका काढली की ठरलेलं उत्तर, "पुरावा नाही म्हणून शक्तीच नाही असं थोडीच असतं!" लॉजिक म्हणून बरोबरे, पण अर्धंच.

आधी एवढंच विचारा, दावा खरा असता तर काय दिसायला हवं होतं? काहीच दिसायला नको असेल ("देव मनात आहे" टाईप) तर वाद घालू नका, पुरावा नसल्याने ते खोटं ठरत नाही. पण पाण्यावर गेलं की नारळ उभा राहतो म्हटलं की ते तपासता येतं ना, मग नीट शोधूनही काही न मिळणं हाच विरोधातला पुरावा.

टेस्ट कशी करायची? १९९० मध्ये जर्मनीत कासेलला जमिनीत पाईप पुरून पाणी चालू-बंद करत ३० पाणाड्यांना ओळखायला लावलं, अटी त्यांना आधीच मान्य होत्या, आणि रिझल्ट निघाला नुसत्या अंदाजाइतकाच. अटी लिहूनच घ्या, नाहीतर नंतर "आज ग्रह ठीक नव्हते" सुरू होतं (होतंच!).

"आमच्या बोअरला लागलं की" म्हणणाऱ्याला कोरडे गेलेले बोअर पण मोजायला सांगा. आपल्या बेसाल्टमध्ये (काळ्या खडकात) पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, त्यामुळे नारळाशिवायही लागतंच की बऱ्याच ठिकाणी. खर्च करायचाच असेल तर भूजलवाल्यांकडून सर्व्हे करून घ्या.