पोरीचं पहिलं पिस्तूल: आधी पंजा बघा, मग कंपनी

नेमबाज राही सरनोबतच्या गावात, कोल्हापुरात, पोरीला नेमबाजीसाठी पिस्तूल घ्यायला घरचे लगेच तयार होतात, हे चांगलंच आहे. पण निवडायला जातात बाबा नाहीतर दादा, ग्रिप म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ बघतात स्वतःच्या पंजावर, आणि सहा महिन्यांनी गोळ्या पांगल्या की दोष पोरीचा. जिच्या हातात राहणार, तिलाच न्या.

पहिलं पिस्तूल १० मीटरवरून मारायचं, ४.५ मिमीचं एअर पिस्तूल, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारं. याला शस्त्रपरवाना लागत नाही; .२२ च्या काडतुसाच्या पिस्तुलाला लागतो, तो पुढचा विषय. आधी दोन-तीन महिने क्लबच्याच पिस्तुलावर काढू द्या. प्रमुख डोळा, म्हणजे नेम धरताना जो पुढाकार घेतो तो, कुठला ते तपासून ठेवा. डावखुरीला डावीच ग्रिप.

आता ग्रिप. पैसे बुडतात ते इथंच. पेलेट (छर्रा) न घालता, नळी टार्गेटकडे ठेवून तिला पिस्तूल धरायला सांगा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच ग्रिपच्या वरच्या टोकाशी घट्ट बसली पाहिजे. खाली फट दिसली तर प्रत्येक वेळी पकड वेगळी पडणार. मग तर्जनी बघा. पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा आणि बोट लाकडाला कुठंही घासू नये. नुसतं टोक पोचत असेल तर उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे जातात, आणि सगळे म्हणतात, ‘झटका देतेस.’ झटका कसला, ग्रिप मोठी आहे! ट्रिगरची पाती मागे सरकवून बघा. तरीही पोचत नसेल तर लहान साइज मागा. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहानच घ्या: लाकडावर पुट्टी चढवून भर घालता येते, घासायला मात्र मर्यादा आहे, आत फ्रेम असते.

पाम शेल्फ, म्हणजे ग्रिपच्या खालची तळहात टेकायची वरखाली होणारी फळी, तळहाताला नुसती टेकावी. आवळली तर पंजा सुन्न पडतो, आणि गरमीनं हात फुगला की आणखी आवळते. म्हणून निर्णय वीस-तीस शॉटनंतर घ्या, काउंटरवर नाही. शेवटची परीक्षा: हात उचलून डोळे मिटायचे, पाच सेकंदांनी उघडायचे. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) मागच्या रिअर साइटच्या खाचेतच दिसली तर जमलं. बाजूला गेली असेल तर मनगट वाकवून ती आणू देऊ नका. बऱ्याच मॅच पिस्तुलांत स्क्रू ढिला करून ग्रिप किंचित फिरवता येते, ती फिरवा.

‘बाईमाणसाला हलकंच घ्या’ हा सल्ला कानाआड करा. स्पर्धेच्या नियमात पिस्तुलाचं कमाल वजन १५०० ग्रॅम आहे. बहुतेक पिस्तुलं हजाराच्या आसपास. फार हलकी नळी थरथरते, नळीच्या टोकाकडे जड पिस्तूल स्पर्धेतल्या ७५ मिनिटांत ६० शॉट मारताना खांदा मोडतं. किशोरवयीन मुलीसाठी आखूड नळीचं कॉम्पॅक्ट मॉडेल बघायला हरकत नाही.

ट्रिगर ओढायला लागणारं वजन ५०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका, स्पर्धेत वजन टांगून तपासतात.

जुनं घेताय? हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. आयुष्य दहा वर्षांचं असतं आणि आत २०० बारचा दाब. तारीख उलटली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून कापून घ्या.