आयएनआरच्या मागे धावू नका: वॉर्डातल्या नवीन जेआरसाठी (ज्युनियर रेसिडेंट)

हेपॅरिन, अ‍ॅसिट्रॉम, एनॉक्सापॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं, आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. मेडिसिनला जेआर-वन असताना मी ज्या एका गोष्टीत, म्हणजे अ‍ॅसिट्रॉमचा डोस रोज वाढवण्यात, फसलो तेवढीच नीट सांगतो, कारण दर वर्षी नवीन पोरं तिथेच फसताना बघतो आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

एक काकू होत्या, चाळिशीच्या, हृदयातल्या माइट्रल झडपेच्या जागी मेटलचा वॉल्व्ह बसवलेला. गावाकडे अ‍ॅसिट्रॉमच्या गोळ्या संपल्या आणि तीन आठवडे घेतल्याच नाहीत, आल्या तेव्हा आयएनआर १.१, हवा २.५ ते ३.५. हेपॅरिन लावलं आणि संध्याकाळी सहाला अ‍ॅसिट्रॉम २ एमजी सुरू केली. तिसऱ्या सकाळी आयएनआर १.३, मला वाटलं डोस पुरत नाहीये, ३ केला. चौथ्या सकाळी १.६, मी ४ केला. राउंडला "सर, डोस वाढवलाय" म्हटलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं ना, तेच झालं. मग रविवार, रिपोर्ट आलाच नाही, ४ तसाच गेला. सहाव्या सकाळी काकूंनी उशीचा अभ्रा उलटा करून दाखवला, सगळे तपकिरी डाग, रात्रभर हिरड्यांतून रक्त येत होतं आणि त्यांनी कुणाला उठवलं नव्हतं. आयएनआर ७.२.

आता हे नीट समजून घ्या. ही गोळी रक्तात असलेले क्लॉटिंग फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) काढून टाकत नाही, ती फक्त लिव्हरमध्ये चांगले नवीन बनू देत नाही. टाकीत येणारं पाणी बंद केलं तरी टाकी रिकामी होईपर्यंत नळाला पाणी येतच राहतं, तसं आहे हे. फॅक्टर सात पाच-सहा तासांत निम्मा होतो, फॅक्टर दोनला दोन-अडीच दिवस लागतात. म्हणजे काल संध्याकाळी वाढवलेल्या गोळीचा पूर्ण परिणाम आज सकाळच्या रिपोर्टमध्ये नसतोच, तो दोन-तीन दिवसांनी दिसतो. मी रोज वाढवत गेलो आणि सगळे डोस एकदम अंगावर आले. डोस बदलला की दोन-तीन दिवस थांबा. आकडा नका बघू, चढ बघा: १.१, १.३, १.६ म्हणजे तो वर निघालाय, त्याला हात लावायचा नाही.

याचीच दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. सुरुवातीला आयएनआर वाढतो तो फॅक्टर सात संपल्यामुळे, फॅक्टर दोन अजून भरपूर शिल्लक असतो, म्हणजे रिपोर्ट चांगला पण पेशंट गाठीपासून सुरक्षित नाही. म्हणून हेपॅरिन किमान पाच दिवस सोबत चालू ठेवायचं आणि आयएनआर चोवीस तास टार्गेटमध्ये राहिल्यावरच काढायचं. तिसऱ्या दिवशी आकडा आला म्हणून हेपॅरिनचा पंप बंद करणारे मी बघितलेत, कृपा करून करू नका.

काकूंचं पुढे बरं झालं. मॅडमनी दोन्ही औषधं थांबवली, व्हिटॅमिन के (या गोळीचा उतारा) अगदी कमी डोसमध्ये तोंडाने दिलं, तीन दिवसांत आयएनआर २.९ वर आला. मी घाबरून १० एमजी शिरेतून द्यायला निघालो होतो. वॉल्व्हच्या पेशंटला, जोरात ब्लीडिंग नसताना, असं केलं तर वॉल्व्हवर गाठ धरू शकते आणि मग कित्येक दिवस गोळी लागूच पडत नाही. असा निर्णय एकट्याने घेऊ नका, रात्री दोनला फोन करावा लागला तरी करा. ओरडा बसेल, बसू दे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "आयएनआर इतका तर डोस इतका" तक्ते मला अजिबात आवडत नाहीत, कालचा आकडा काय होता हे ते विचारतच नाहीत. त्यापेक्षा केस पेपरच्या पहिल्या पानावर तारीख, डोस, आयएनआर शेजारी शेजारी लिहा. हे मला आमच्या वॉर्डच्या सिस्टरांनी शिकवलं, कुठल्या सिनियरने नाही. "डॉक्टर, परवाची गोळी आज दिसते," असं त्या म्हणाल्या होत्या.

बाकीचं पटकन. हेपॅरिनची ५ एमएलची व्हायल एमएलला १००० युनिटची पण येते आणि ५००० ची पण, म्हणजे एका व्हायलमध्ये ५००० किंवा २५,००० युनिट, लेबल मोठ्याने वाचून सिस्टरांकडून खात्री करून घ्या. एनॉक्सापॅरिन लिहिण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघा. जुलाब लागले म्हणून कुणी मेट्रो (मेट्रोनिडाझोल) सुरू केली असेल तर आयएनआर लवकर रिपीट करा, तो चढतो. हेपॅरिनच्या पाचव्या दिवसानंतर प्लेटलेट निम्म्यावर आले तर लगेच सांगा.

आणि डिस्चार्जला घाई नको. काकूंच्या मुलाला आम्ही वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं: गोळी किती एमजीची, रोज किती, आयएनआर कधी आणि कुठल्या लॅबला, कंबर दुखली तर गावच्या डॉक्टरला आधी वही दाखवायची आणि कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. त्याच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मेथीत व्हिटॅमिन के असतं म्हणून तो ती बंद करू का विचारत होता, म्हटलं बंद नको, दर आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खा.