लिथुआनियन भाषेतला हंस कसा ओळखायचा

मागच्या हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीत बोटीतून फ्लेमिंगो बघत होतो, तेव्हा भाचीला सांगितलं की लिथुआनियनमध्ये याला फ्लामिंगास म्हणतात, तर ती लगेच म्हणाली, "मामा, हे तर संस्कृत वाटतंय!" इथेच सगळे फसतात. शेवटचं 'आस' हा फक्त पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय आहे, बाहेरून आलेल्या शब्दालाही लागतो, शेक्सपियरचासुद्धा शेक्स्पिरास होतो. म्हणून आधी शेपूट काढा, मग उरलेला शब्द बघा. फ्लामिंग उरलं की कळतं, पाहुणा आहे, संस्कृतात शोधू नका.

आता हंस घ्या. लिथुआनियन शब्द झासिस, यातला झ झाडातला नाही, टेलिव्हिजन म्हणताना इंग्रजीत जो येतो तसा. 'इस' काढलं की झास. आता ध्वनीची जोडी लावा, संस्कृत ह तिथं लिथुआनियन झ. पण एका शब्दावर विश्वास ठेवू नका, दुसरा हवाच, तर हिम आणि झिएमा म्हणजे हिवाळा, बसली ना जोडी? मुळात तिथं 'घ'च्या जवळचा ध्वनी होता म्हणून जर्मनमध्ये गान्स आहे. म्हणजे लिथुआनियन संस्कृतातून आलेली नाही, दोघी एका आजीच्या नाती, व्हॉट्सॲपवर काहीही फिरू दे.

अनुस्वार कुठे गेला म्हणाल तर तो लिहिताना आहे! झासिसमधल्या पहिल्या 'आ'च्या पायाशी हुकासारखा एक छोटा आकडा काढतात, पूर्वी तो नाकातून बोलायचे, आता नुसता लांब आ. आपण 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'घरांत', 'केलें' वरचे न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले, त्यांनी आकडा जपला, मला हे फार आवडतं. शेजारच्या लाटव्हियनमध्ये तोच शब्द झुओस झाला, झेब्रातला झ.

लिंग मात्र आपल्यासारखं धरू नका, आपला हंस तो, त्यांची झासिस ती. विभक्ती शाळेतल्यासारख्याच पाठ करायच्या, प्रथमा झासिस, द्वितीया झासी, षष्ठी झासिएस. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, नकार आला की कर्माला द्वितीया चालत नाही, षष्ठी लागते. हंस दिसतोय तर 'माताउ झासी', अन् खाडीत फ्लेमिंगोच फ्लेमिंगो, हंस एकही दिसत नाहीये, तर 'नेमाताउ झासिएस'.