मित्रांना सोबत घेऊन नऊ फुटी लोखंडी बगळा कसा बनवायचा

मोठं शिल्प करायचं म्हटलं की सगळे आधी वेल्डिंग मशीन शोधायला लागतात, पण माझं ठाम मत आहे की पहिले दोन प्रश्न हे: ते उभं कसं राहणार, आणि जिथे बनवताय तिथून बाहेर कसं निघणार. हे कागदावर सुटलं की मगच मित्रांना फोन करा.

उदाहरणाला नदीकाठी दिसतो तो राखी बगळा घेऊया, नऊ फूट उंच, कारण पाय बारीक आणि वजन सगळं वर. आयएस 875 या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, त्याचा दाब येतो चौरस मीटरला साधारण 93 किलो. बगळ्याचं अंग आणि पंख मिळून दीड चौरस मीटर धरलं तर 140 किलोचा आडवा रेटा, तोही जमिनीपासून सहा फुटांवर, म्हणजे 140 गुणिले 6, 840 किलो-फुटांचा पाडणारा जोर. आता खाली 4 बाय 4 फुटांची 12 एमएम प्लेट ठेवली, तिचं वजन 140 किलो, वर पक्षी 100 किलोचा, एकूण 240, मधून कडेपर्यंत 2 फूट, म्हणजे धरून ठेवणारा जोर फक्त 480. वळवाच्या एका वादळात आडवा होणार. म्हणून प्लेट काँक्रीटला बोल्टने धरायचीच, 4 बाय 4 आणि दीड फूट खोल पाया घेतला तर तो एकटाच 1600 किलोच्या वर जातो. पाय दोन इंची जाड पाइपचे करा. आणि शिल्प सोसायटीत किंवा लोक फिरतात अशा जागी लावणार असाल तर हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच, इथे काटकसर नको.

बाहेर काढायचं म्हणजे छोटा हत्ती, आणि त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास. त्यामुळे पाय, अंग आणि मान असे तीन भाग करून मध्ये फ्लँज (जोडासाठी भोकं पाडलेल्या चकत्या) आणि बोल्ट द्या.

सामानासाठी पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार, डिस्क, रॉड, नटबोल्ट वगैरे बोहरी आळीत, आणि जास्त भंगार हवं असेल तर भोसरीकडे. सळईचं वजन काढायचं तर व्यास एमएममध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि 162 ने भागा, मीटरला किलो मिळतात, 12 एमएमची सळई 0.89 येते. 8 बाय 4 चा 2 एमएम पत्रा 47 किलोच्या आसपास भरतो, एकट्याने उचलू नका.

भंगार निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. गाडीचे शॉकअप आणि पेट्रोलच्या टाक्या कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नका, आत तेल, गॅस किंवा वाफ राहते आणि गरम केल्यावर फुटतात. गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या धुराने ताप भरतो, जस्त घासून काढल्याशिवाय वेल्ड नको. ट्रकचे पाटे पंखाच्या पिसांना एकदम शोभतात पण ते हाय कार्बन स्टील, सरळ वेल्ड मारला तर थंड होताना शेजारी तडा जातो, त्यामुळे ते मधल्या जुन्या भोकातून बोल्टनेच बसवा. बाइकच्या चेन रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवून मगच मानेला वापरा.

आता मित्र. वेल्डिंगला एकच हात पक्का हवा, ओळखीत फॅब्रिकेशन करणारा कोणी असेल तर त्याला बोलवा आणि त्याची मजुरी द्या. बाकीच्यांपैकी एकजण धरायला, एकजण मोजायला, एकजण ग्राइंडरवर, आणि एकजण फक्त ठिणग्यांवर नजर ठेवून पाण्याची बादली घेऊन, काम संपल्यावरही अर्धा तास. ज्याला जे काम दिलं ते दिवसभर त्याचंच. गंज घासायच्या दिवशी मात्र सगळी गँग बोलवा. धरणाऱ्यालाही काळ्या काचेचा मास्क द्या, कारण डोळे बऱ्याचदा त्याचेच जातात, रात्री वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात. कपडे सुती, ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही.

फरशीवर खडूने बगळा पूर्ण मापात काढा आणि सळया त्यावर ठेवूनच वाकवा. मानेचा बाक खरा जमला पाहिजे, तिथे घाई करू नका, लांब जाऊन सगळ्यांनी बघा. मग फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारा, 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड चालतो. एक टाका या बाजूला, पुढचा बरोबर समोरच्या बाजूला, कारण वेल्ड थंड होताना लोखंड आपल्याकडे ओढतं आणि एकाच बाजूने मारत गेलात तर मान फिरते. दर थोड्या वेळाने ओळंबा सोडून बघा. सगळं सरळ आहे अशी खात्री झाली की मगच पूर्ण रन, म्हणजे सांध्याभर सलग वेल्ड.

हे सगळं दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर वेल्डिंग म्हणजे शॉकला आमंत्रण, शिवाय रॉड दमट होतात आणि रंग धरत नाही. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इनॅमल.

पायाच्या काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, उभं करायची घाई तरी करू नका, 28 दिवस होऊ द्या. आधी पाय बसवा, मग अंग चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) उचला, खाली कोणीही उभं राहणार नाही, आणि सूचना एकानेच द्यायच्या. शेवटी जिथे पाणी साचेल अशा प्रत्येक खोलगट जागी आणि पाइपच्या तळाशी 6 एमएमचं भोक पाडा, नाहीतर गंज आतून खातो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. बोल्ट पहिल्या पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा आवळून घ्या.