‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’ आलं तर लूप कुठे शोधायचा?

पिंगला (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते तपासणारी कमांड) ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. ‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’ आलं की मी निवांत असतो. कारण इथे कुठला तरी राउटर स्वतः तक्रार करतोय, आणि त्याचा आयपी त्याच ओळीत असतो.

टीटीएल म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं याचा त्यावरच लिहिलेला आकडा. प्रत्येक राउटर पॅकेट पुढे पाठवताना त्यातून एक वजा करतो. विंडोज साधारण १२८ पासून सुरू करतं, लिनक्स ६४ पासून. आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी टाइप ११ (‘टीटीएल संपला’ असं कळवणारा) संदेश धाडायचा. सरळ मार्गात एवढे राउटर लागतच नाहीत, म्हणजे पॅकेट कुठेतरी गोल फिरतंय, हाच लूप.

ट्रेसर्ट (वाटेतले राउटर ओळीने दाखवणारी विंडोजची कमांड) चालवा, मायनस डी (-d) लावलं तर नावं शोधण्यात वेळ जात नाही. दोन आयपी आलटूनपालटून दिसले की लूप त्या दोघांतच. मध्येच आयपीऐवजी तारे (*) दिसले तर घाबरू नका, बरेच राउटर हे संदेश हात राखून पाठवतात.

नेहमीचं प्रकरण असं: पुरवठादाराने १६ पत्त्यांचा ब्लॉक दिलाय, वापरात चारच. उरलेल्या पत्त्यासाठी पॅकेट आलं की आपला राउटर ते डिफॉल्ट रूटने (दुसरा मार्ग माहीत नसला की वापरायचा मार्ग) परत वर पुरवठादाराकडे ढकलतो, त्याचा राउटर पुन्हा खाली. आपल्या राउटरवर अख्ख्या ब्लॉकचा ब्लॅकहोल रूट (आलेलं पॅकेट पुढे न पाठवता टाकून देणारा मार्ग) टाका. वापरातल्या पत्त्यांचे रूट जास्त नेमके असतात, त्यांना धक्का लागत नाही. चाचणी मात्र मोबाइल डेटावरून, बाहेरून करा.

आणि ‘टीटीएल वाढवून बघू’ म्हणणाऱ्याला कीबोर्ड देऊ नका. लूप तसाच राहतो, पॅकेट फक्त जास्त फेऱ्या मारतं.