वढवाणा तलावावर पक्षी बघायला जाताना

डभोई तालुक्यातला हा तलाव सयाजीरावांच्या काळात शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधला गेला. 2021 पासून तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बडोद्याहून डभोईमार्गे जा. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

अंधारातच निघा आणि उजाडायच्या आत पाळीवर पोचा. उन्हं वर आली की पाण्यावरची हवा थरथरते, मग चांगल्या दुर्बिणीतूनही लांबचं बदक नुसता ठिपका दिसतं. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. लांबच्या थव्यांसाठी स्टँडवरचा स्कोप हवाच. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर सगळेच पक्षी काळे.

सुरुवात चांदव्यापासून करा: काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. उडताना पाण्यावर धावत सुटतो. मग पट्टकदंब, हा एक रानटी हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, हिमालय ओलांडून आलेला पाहुणा. थापट्या या बदकाची चोच चमच्यासारखी पसरट असते, ती पाण्यात घालून तो गाळत फिरतो.

तलाव काठोकाठ भरलेला असला तर चिखलपक्षी शोधत बसू नका. त्यांना उघडा चिखल लागतो. तो पाणी उतरल्यावरच मिळतो.

कदंबांनी माना ताठ केल्या की तिथंच थांबा. आणखी दहा पावलं टाकलीत तर अख्खा थवा उठतो, आणि मागून येणाऱ्यांच्या शिव्या तुम्हालाच. लाल-पांढरे कपडे घरी ठेवा. फरसाणाची कुरकुरीत पिशवीसुद्धा गाडीतच बरी.