गरम होणारी उपकरणे पॅनेलमध्ये बसवताना

नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली तो त्याहूनही वर चढतो. म्हणून सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यासाठी विजेचे कंट्रोल पॅनेल बांधताना माउंटिंग प्लेटला, म्हणजे उपकरणे बसवायच्या आतल्या पत्र्याला, पहिले भोक पाडण्यापूर्वी उष्णतेचा हिशेब कागदावर मांडावा.

उदाहरणादाखल 7.5 किलोवॅटचा ड्राइव्ह, म्हणजे मोटारचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, घेऊ. त्याच्या शक्तीपैकी सुमारे 3 टक्के, म्हणजे 225 वॅट, उष्णतेच्या रूपाने पॅनेलमध्येच राहते. एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अँपिअरमागे प्रत्येक फेजला किमान एक वॅट उष्णता सोडतो, त्यामुळे तीन फेजच्या 25 अँपिअर हीटरसाठी 75 वॅट धरावे लागतात. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचे 50 वॅट मिळवले की बेरीज 350 होते. भिंतीला टेकवलेले 1200 बाय 800 बाय 300 मिलिमीटरचे बंद पॅनेल, आतले तापमान बाहेरच्यापेक्षा 10 अंशांनी वाढले असता, आपल्या रंगवलेल्या पत्र्यातून जेमतेम शंभरेक वॅट बाहेर टाकते. उरलेल्या अडीचशे वॅटसाठी ताशी सुमारे 80 घनमीटर हवा लागते. फिल्टरमुळे प्रवाह घटतो, म्हणून पंखा दीडपट क्षमतेचा घ्यावा. तरीही बाहेर 40 अंश असताना आत 50 अंश राहणारच. तेव्हा ड्राइव्ह आणि एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) यांची त्या तापमानाची क्षमता उत्पादकाच्या तक्त्यात पाहूनच निवड करावी, कारण घरगुती प्रकारच्या एमसीबीचे रेटिंग 30 अंशांना दिलेले असते.

आता मांडणी. गरम हवा वर जाते, म्हणून ड्राइव्ह आणि एसएसआर वरच्या भागात बसवावेत, तर पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक), पॉवर सप्लाय आणि एमसीबी त्यांच्या खाली ठेवावेत. पॉवर सप्लायसारख्या उपकरणांतील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, हे ध्यानात घेतले की हा आग्रह पटतो. ड्राइव्हच्या वर आणि खाली मॅन्युअलमध्ये दिलेली जागा, बहुधा 100 मिलिमीटर, मोकळी सोडावी. त्या जागेतून वायरचे चॅनेल नेण्याचा मोह मला स्वतःला अनेकदा झाला आहे. पंखा खालून आत हवा ढकलणारा असावा आणि जाळी विरुद्ध बाजूला वर असावी, म्हणजे आतला किंचित जास्त दाब धुळीला फटींतून शिरू देत नाही. मोटार थांबवताना निर्माण होणारी ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर पॅनेलच्या आत बसवूच नये. तो पॅनेलच्या छतावर, जाळीच्या आवरणात, थर्मल स्विचसह असावा.

एसएसआरबाबत जास्त काळजी घ्यावी लागते. एका कारखान्यात मी पाहिलेल्या पॅनेलमध्ये तो थेट पावडर कोटिंग केलेल्या प्लेटवर, मधे उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा जाड थर देऊन बसवला होता. काढला तेव्हा पेस्ट खडूसारखी भुरभुरत होती आणि खालचा रंग तपकिरी पडला होता. एसएसआर हीटसिंकवरच, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यावरच, बसवावा, पेस्ट कागदाइतकी पातळ लावावी आणि हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवाव्यात, कारण आडव्या पात्यांमध्ये हवा कोंडते. एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होऊन चालूच राहतो, त्यामुळे हीटरच्या मार्गात अतिताप होताच पुरवठा तोडणारा कॉन्टॅक्टर असलाच पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी इनकमर, म्हणजे पॅनेलचा मुख्य स्विच, बंद करून कुलूप लावावे आणि टेस्टरने तिन्ही फेज तपासावेत. ड्राइव्हमधील कॅपॅसिटर रिकामे होण्यासाठी लेबलवर लिहिलेली मिनिटे थांबून मगच हात घालावा. लगचे (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोपणाचे) क्रिम्पिंग, म्हणजे दाबून बसवणे, योग्य डायने करावे आणि टर्मिनल अंदाजाने न आवळता टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळावेत. सैल जोड हीच पॅनेलमधली सर्वांत धोकादायक भट्टी असते. साध्या पीव्हीसी वायरचे इन्सुलेशन 70 अंशांपर्यंतचे असते, म्हणून रेझिस्टरजवळ सिलिकॉन वायर वापरावी.

शेवटी दार बंद ठेवून पूर्ण भारावर तीन-चार तास चालवावे आणि आत वरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) वाचन नोंदवावे. त्यानंतर इन्फ्रारेड गनने, जिवंत भागांपासून सुरक्षित अंतर राखून, तिन्ही फेजचे टर्मिनल मोजावेत. चकचकीत तांबे खोटे, कमी तापमान दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप सप्लाय बंद असतानाच चिकटवून ठेवावी. सारखा भार असूनही एखादा फेज इतर दोघांपेक्षा लक्षणीय गरम निघाला, तर सप्लाय बंद करून तो जोड उघडावा आणि पुन्हा करावा.